दलेंदाचं टेबल

“उचलतेस, की मी उचलू?” लल्ला बेया म्हणाल्या. “मी हात लावला आणि ते मोडलं, तर मग गल्लीभर सांगत फिरू नकोस, सासूने मोडलं म्हणून.”

“तुम्ही हात लावूच नका ना, लल्ला. पाच मिनिटं द्या.”

“तुझी पाच मिनिटं सकाळपासून चालू आहेत. कांद्याचं पोतं दारात उभं आहे पाहुण्यासारखं. त्याला आत घेऊ, की पुढच्या ईदला ये म्हणून सांगू?”

“खाली बसून चिरा.”

“खाली! या गुडघ्यांनी! या रब्बी, अल्ला, ऐकतोयस ना? उपाशी म्हातारीला सून म्हणते, जमिनीवर बस.”

“तुम्ही फक्त कांदे चिरायच्या वेळी म्हाताऱ्या होता, लल्ला. काल लेकीकडचे तीन जिने चढून गेलात, तेव्हा नव्हतात.”

हे सगळं बोलताना दलेंदाने मान वर केली नव्हती. समोर लॅपटॉपवर लाल अक्षरांचा ढिगारा पडला होता, आणि तो कालही असाच होता, परवाही असाच. स्वयंपाकघरातलं हे टेबल म्हणजे या घरातली एकमेव सपाट जागा. दिवाणखान्यातलं टेबल काचेचं, ते फक्त पुसायचं असतं. मागची खोली जुन्या रांजणांनी आणि दिवंगत सासऱ्यांच्या मासेमारीच्या जाळ्यांनी भरलेली. सफाक्समधल्या माणसाच्या हातून काही टाकून दिलं जात नाही, असं राजधानीतले, ट्युनिसचे लोक हसून म्हणतात. त्यांना हसायला काय जातं? त्यांनी या घरात येऊन एक पेला ठेवायला जागा शोधून दाखवावी.

उद्या ईद की परवा, हे संध्याकाळी चंद्र ठरवणार होता. पण शरमूला चंद्रासाठी थांबत नाही. ढीगभर कांदा ऑलिव्हच्या तेलात परतायचा, मनुकांच्या रसात तासन्‌तास आटवायचा, आणि ईदच्या सकाळी खाऱ्या माशाबरोबर वाढायचा. या घरची शरमूला दिरांकडे, नणंदांकडे, शेजारीपाजारी अशी सगळीकडे जायची. आणि कांदे चिरायचे ते दलेंदाने, हे कुणी कधी ठरवलं नव्हतं, म्हणून ते कुणाला बदलताही येत नव्हतं.

प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या मदाम इन्साफनी मात्र काम पाठवायची वेळ ठरवून दिली होती: आज, मगरिबच्या आत, म्हणजे सूर्य बुडायच्या आत.

दलेंदा वीसेक वर्षं बुटांच्या कारखान्यात कटिंगला होती. कातडं टेबलावर पसरलं की तिची नजर आधी डागांवर, मग शिरांवर, मग कडांवर फिरायची, आणि हात लावण्याआधीच तिला दिसायचं, कुठला तुकडा कुठे बसेल. इतर बायका एका कातड्यातून जेवढे जोड काढायच्या, त्याच्यापेक्षा तिचे नेहमी थोडे जास्त निघायचे. डाव्या अंगठ्यावर सुरीची एक पांढरी रेघ आहे, ती पहिल्या वर्षातली. त्यानंतर पुन्हा कधी कापलं नाही. मालकाने एक दिवस कारखाना बंद केला, सगळ्यांना खजुराचा एकेक डबा दिला आणि मशीनं विकून टाकली. त्यानंतर दलेंदा घरी. घरी म्हणजे सगळ्यांच्या उपयोगी.

मग महिला संघटनेने वाचनालयामागच्या हॉलमध्ये चाळिशीपुढच्या बायकांसाठी प्रोग्रामिंगचा वर्ग काढला. बायका गेल्या, काही थांबल्या, बऱ्याच गळल्या. कुणी नमाजाच्या वेळांचं घड्याळ केलं, कुणी पाककृतींची यादी. दलेंदाने केला तो प्रोग्राम कातड्याचा होता. कातड्याचा आकार द्यायचा, बुटाचे तुकडे द्यायचे. कमीत कमी वाया जाईल अशी मांडणी तो काढून दाखवायचा. मदाम इन्साफनी तो दोनदा चालवून पाहिला. मग म्हणाल्या, गावातल्या चर्मकारांच्या संघाला हेच हवंय, सहा महिन्यांचं काम आहे, पगारी. अट एकच. गावातल्या कारखान्यांमध्ये एकासारखा दुसरा कॉम्प्युटर नाही. कुणाकडे विंडोज, कुणाकडे लिनक्स, कुणाच्या जावयाने दिलेलं मॅक. प्रोग्राम एकच, पण तो तिन्हींवर बांधता आला पाहिजे. त्यासाठी बांधणीचं एक अवजार असतं. त्याला एका फाइलमध्ये कृती लिहून द्यायची, की काय काय घ्यायचं आणि कशात काय घालायचं, आणि ते ज्या मशीनवर असेल त्या मशीनच्या पद्धतीने प्रोग्राम उभा करून देतं.

असं म्हणतात.

आणि हे जमलं नाही, तर ईदनंतर दलेंदा नणंदेच्या दुकानात गल्ल्यावर. नबीहाचं नवरीच्या कपड्यांचं दुकान आहे. शेदलीने, म्हणजे दलेंदाच्या नवऱ्याने, तिला न विचारताच बहिणीला होकार देऊन टाकला होता. “काही नाही तर तिथे तरी बसशील ना,” असं म्हणाला होता. दलेंदा मागे एकदा आठवडाभर तिथे बसली होती. दिवसभर ओठांवर हसू, आणि ‘मॅडम, तुमच्या मुलीला हा रंग खुलतो’ असं ज्या मुलीला तो रंग मुळीच खुलत नाही तिच्या आईला सांगायचं. आठव्या दिवशी तिच्या जबड्याला कळ लागली होती. खरोखरची कळ. डॉक्टरकडे जावं लागलं.

“काय म्हणतंय?” शेदली दारात येऊन उभा राहिला. बंदरावरच्या ऑफिसला आज लवकर सुट्टी झाली होती आणि इफ्तारपर्यंत उपाशी पुरुषाने करायचं काय, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेला होता.

“तेच म्हणतंय.”

“बंद करून चालू कर.”

“केलं.”

“मग वायर काढून…”

“शेदली, आणखी एक शब्द बोललास तर तुझी वायर काढेन.”

“रोजा आहे तुझा,” तो दुखावल्यासारखा म्हणाला. “रोज्यात असं बोलू नये.”

“रोज्यात असं विचारूही नये.”

दलेंदाच्या डोक्यात कॉफीविना ठणकत होतं. तिने लाल अक्षरांच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. शाळेत तिला फ्रेंच होतं. इंग्रजी ती लल्ला बेया औषधांचे खोके वाचतात तशी वाचायची, अंदाजाने आणि थोडी घाबरून. शेवटची ओळ मात्र आता पाठ झाली होती. ती म्हणत होती, दुसऱ्या फोल्डरमधून पुन्हा चालवा.

चालवलं होतं की! युसरने पेन ड्राइव्हवर आणून दिलेलं फोल्डर आधी डेस्कटॉपवर होतं. तिथे हे म्हणालं, दुसऱ्या फोल्डरमधून. मग दलेंदाने ते उचलून डॉक्युमेंट्समध्ये नेलं. तिथेही तेच. मग दुसऱ्या ड्राइव्हवर. मग त्याचं नाव बदललं. मग जुनंच नाव पुन्हा ठेवलं. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या भाडेकरूसारखं ते फोल्डर सगळीकडे फिरून आलं, आणि जाईल तिथून त्याला हाकललंच जात होतं.

तिने पुन्हा युसरला फोन लावला. मुलगी ट्युनिसहून सामायिक टॅक्सीने ईदला घरी यायला निघाली होती.

“उम्मी, मला काही ऐकू येत नाहीये, इथे एका काकांनी रेडिओ लावलाय.”

“काकांना सांग बंद करा. तेच येतंय अजून.”

“शेवटची ओळ वाच.”

“शेवटची ओळ मला झोपेतही येते! दुसऱ्या फोल्डरमधून चालवा. मी आणखी किती फोल्डर आणू? शेजाऱ्यांकडून मागून आणू?”

“काहीतरी चुकीचं टाइप करतेयस तू.”

“जे तू लिहून दिलंस तेच टाइप करते.”

“मग तुझं मशीन जुनं आहे.” आवाज गेला, परत आला. “…ऐक, उम्मी. माझ्या लॅपटॉपवर ते नीट बांधलं गेलंय. मी थांब्यावर उतरले की इथूनच मदामना पाठवून देते, तुझ्या नावाने. तुझाच प्रोग्राम आहे ना? संपलं.”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लल्ला बेयांनी तेवढ्यात पोतं आणून आपटलं होतं आणि जागा नाही म्हणून पहिले चार कांदे थेट लॅपटॉपला टेकवून ठेवले होते.

“उम्मी? पाठवू?”

“आणि संघाच्या ऑफिसात पहिल्या दिवशी हे असंच अडलं, तर मग तू टॅक्सी करून येशील?”

“तेव्हाचं तेव्हा बघू.”

“नको पाठवूस.”

“अगं पण…”

“यज्जी, युसर! पुरे.” तिने फोन ठेवला.

“पोरगी मदत करतेय तर घ्यावी,” शेदली भिंतीला टेकून म्हणाला. “मोठेपणा कशाला? शिकलेली आहे ती.” नाकाने कांदे सोलावेत तर त्यानेच.

दलेंदाने ओट्यावरची सुरी उचलली, टेबलावरचे चार कांदे एका ताटात घातले आणि ताट-सुरी दोन्ही त्याच्या हातात दिली.

“चिर.”

“मी?”

“शरमूला खातोस ना?”

“माझा मुलगा कांदे चिरणार?” लल्ला बेया म्हणाल्या.

“तुमच्या मुलाला हात आहेत, लल्ला. मी लग्नाच्या दिवशीच मोजले होते.”

म्हातारीच्या ओठाचा कोपरा हलला, पण ती लगेच पातेल्याकडे वळली. शेदली ताट घेऊन, पोतं शेजारी ओढून उंबऱ्यात बसला. पहिल्याच कांद्याला त्याचे डोळे वाहायला लागले आणि तो आवाज न करता, मान तिरकी करून चिरत राहिला. चिरता चिरता मधेच विचारायचा, “एवढं बारीक चालेल?” आणि लल्ला बेया न बघताच म्हणायच्या, “नाही.”

दलेंदा स्क्रीनकडे पाहत राहिली. तिला रडू येत नव्हतं, कांद्यांनीही नाही. तिला नुसता संताप आला होता. मशीनचा, मुलीचा, आणि सगळ्यात जास्त त्या शेवटच्या ओळीचा, जी एखाद्या सरकारी शिपायासारखी पुन्हा पुन्हा सांगत होती, इथे नाही, पलीकडच्या खिडकीवर जा.

कारखान्यात तिच्या हाताखाली नवी मुलगी आली की एक चूक हमखास करायची. बूट फाटका निघाला की फाटलं तिथे बघत बसायची. दलेंदा तिला हाताला धरून मागे न्यायची. शिलाईपाशी, मग कटिंगपाशी, मग कातड्यापाशी. जिथे दिसतं तिथे चूक क्वचितच असते. हे ती किती मुलींना शिकवत आली होती! आणि इथे चार दिवस ती स्वतः फाटलेल्या टाचेकडे बघत बसली होती. कारण मुलगी म्हणाली, शेवटची ओळ वाच.

तिने ढिगारा वर सरकवला. वर, आणखी वर, जिथून लाल रंग सुरू होत होता तिथपर्यंत. पहिली ओळ लांबलचक होती. तिने ती शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचली. तिच्यात दोन पत्ते होते. एक पत्ता तिच्या या लॅपटॉपचा होता. दुसरा पत्ता अनोळखी, वेगळ्याच धाटणीचा, आणि त्याच्या मध्यात एक शब्द, तिने स्वतः ठेवलेला.

युसर.

हे माझ्या मशीनवर काय करतंय?

तिने फोल्डर उघडलं. आत तिच्या स्वतःच्या फाइली होत्या, तिची कृतीची फाइल होती, आणि त्यांच्या शेजारी आणखी एक फोल्डर होतं, बांधणीचं, ज्यात शेकडो बारीकसारीक फाइली होत्या. या तिने कधी लिहिल्या नव्हत्या. अवजाराने लिहिल्या होत्या, पण तिच्या मशीनवर नाही, युसरच्या. मागच्या सुट्टीत युसरने सगळं स्वतःच्या लॅपटॉपवर उभं करून, आईला त्रास नको म्हणून, जसंच्या तसं उचलून पेन ड्राइव्हवर दिलं होतं. आणि वर बजावलं होतं, ‘यातलं काही पुसू नकोस हं, उम्मी, माझा अख्खा दिवस गेलाय त्यात.’ म्हणून दलेंदाने पुसलं नव्हतं. इथे कोण काय पुसतं?

आणि ते फोल्डर डेस्कटॉपवर असो, डॉक्युमेंट्समध्ये असो, कुठेही असो, आपण अजून ट्युनिसला युसरच्या खोलीतच आहोत असं समजत होतं. हाक मारली की तिकडचे दरवाजे ठोठावत होतं. आपण बिऱ्हाड हलवतोय असं दलेंदाला वाटत होतं. पण तिने पाठीवर घेतलेलं सामान दुसऱ्याच्या घरचं होतं.

दुसऱ्या कारखान्याला काम द्यायचं असलं तर काय पाठवायचे? पॅटर्न पाठवायचे. पुठ्ठ्याचे, कोरे, फक्त तुकड्याचं नाव घातलेले. आपल्या टेबलावर खुणा करून अर्धवट कापलेलं कातडं पाठवत नाहीत कुणी. त्यांचं कातडं वेगळं, त्यांचे डाग वेगळे.

दलेंदाने बांधणीच्या फोल्डरवर बोट ठेवलं. पुसायचं? बटण दाबायला हात धजेना. घरात शिळ्या पावाचा तुकडाही कुणी टाकत नाही, त्याचा चुरा करून ठेवतात. आणि हा मुलीचा अख्खा दिवस. चुकलं तर मगरिबच्या आत काहीच हातात उरणार नाही, आणि युसरला ‘पाठव’ म्हणायचंही तोंड राहणार नाही.

“लल्ला,” तिने मान न वळवता विचारलं, “मीठ बरोबर आहे का हे तुम्हाला कसं कळतं? चव तर घेता येत नाही.”

“आता कळत नाही. सूर्य बुडल्यावर कळतं,” लल्ला बेया पातेलं ढवळत म्हणाल्या. “तोवर घालायचं आणि गप्प बसायचं.”

दलेंदाने पुसलं.

मग कृती पुन्हा चालवली. अवजार थोडा वेळ थांबलं, जणू पहिल्यांदाच घर बघत होतं. स्क्रीनवर साध्या पांढऱ्या ओळी उतरायला लागल्या. हे सापडलं, ते सापडलं. तिच्या मशीनचे पत्ते, एकामागून एक. आणि मग पुन्हा लाल.

“या रब्बी!” ती ओरडली. शेदलीने दचकून सुरी खाली ठेवली.

पण यावेळी लाल ओळी थोड्याच होत्या, आणि तिने सरळ पहिली वाचली. तिने गेल्या आठवड्यात एक नवी फाइल लिहिली होती, शिरा टाळण्याच्या हिशोबाची, आणि ती कृतीत सांगायचीच राहून गेली होती. ही चूक तिची होती, तिच्या हातची, आणि ती पाहून तिला जवळजवळ बरं वाटलं. तिने ती एक ओळ घातली. चालवलं. टक्क्यांचे आकडे चढायला लागले. मधे एका ठिकाणी आकडा अडून बसला. मग शंभर. मग काही नाही, फक्त लुकलुकणारी रेघ.

तिने प्रोग्राम उघडला. पडद्यावर एक कातडं आलं, वेडंवाकडं, आणि त्याच्यावर बुटांचे तुकडे एकेक करून जागा धरायला लागले.

“हे काय आहे?” शेदली मागे येऊन उभा राहिला होता, नाक पुसत.

“बूट.”

“मला तर कांद्याच्या पाकळ्या दिसतायत.”

“तुला आज सगळीकडे तेच दिसणार.”

तिने फक्त स्वतःच्या फाइली आणि कृती एका बाजूला घेतल्या. बांधणीचं काहीही नाही. मदामच्या तीन मशीनांनी आपापलं बांधून घ्यावं. तिने ते पाठवलं तेव्हा खिडकीतलं ऊन समोरच्या गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसलं होतं.

अजानीच्या जरा आधी युसर आली. बॅग दारात टाकून आधी आजीच्या डोक्याचा मुका घेतला, मग पातेल्यात डोकावली, मग आईजवळ आली. स्क्रीनवर कातडं तसंच होतं.

“चाललं? काय केलंस?”

“तुझं बांधणीचं फोल्डर पुसून टाकलं.”

“पुसलं?” युसर किंचाळली. मग क्षणभराने खांदे उडवून म्हणाली, “हो, बरोबर आहे. दुसऱ्या मशीनवर नेलं की ते पुसायचंच असतं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस कुठे?”

दलेंदाने तिच्याकडे पाहिलं. एकुलती एक मुलगी, कितीतरी दिवसांनी पाहत होती, उपाशी प्रवास करून आलेली. म्हणून तिने फक्त खजुरांचा डबा तिच्यापुढे सरकवला. पण तो इतक्या जोरात, की युसर मुकाट्याने खजूर ताटलीत काढायला लागली.

अजान झाली. लॅपटॉप टेबलावरून कुणी उचलला नाही. त्याच्या भोवतीच सूप, ब्रिकचे तळलेले त्रिकोण आणि पाण्याचे पेले मांडले गेले. लल्ला बेयांनी खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायलं, आणि सूप सोडून आधी उठून शरमूलेत चमचा घातला. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले.

“मीठ बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “कांदा जाडा आहे.”

“आई!” शेदली म्हणाला.

मदामचं उत्तर आलं नव्हतं. यायचं कारणही नव्हतं. त्याही कुठेतरी सूप पीत असतील. दलेंदाने तरी दोनदा पाहिलं. टीव्हीवर चंद्र दिसल्याचं जाहीर झालं, गल्लीत पोरांनी आरडाओरडा केला, आणि शेदलीचा फोन वाजला. नबीहा. ईदच्या शुभेच्छा देऊन झाल्या, मग त्याने फोनवर हात ठेवला.

“नबीहा विचारतेय, तू ईदच्या दुसऱ्या दिवशीपासून येशील की तिसऱ्या? लग्नाचा हंगाम आहे म्हणते.”

“मदामचं अजून काही आलं नाही ना, उम्मी?” युसर हळूच म्हणाली.

“नाही.”

“मग तिला सांगतो, कळवतो म्हणून,” शेदली म्हणाला. “नाहीतर तिसऱ्या दिवसापासून म्हणतो. तुझं झालं तर झालं, नाही झालं तर निदान…”

दलेंदाने सुपाचा शेवटचा घोट घेतला आणि वाडगा बाजूला सरकवला.

“नबीहाला सांग, मी येणार नाही. दुसऱ्या दिवशी नाही आणि तिसऱ्याही नाही. मदामचं काहीही येऊ दे. तिकडे नाही चाललं, तर का नाही चाललं ते पहिल्या ओळीपासून वाचेन आणि पुन्हा पाठवेन. संघाने नाही घेतलं, तर एकेका कारखान्याच्या दारात जाईन.” मग ती लल्ला बेयांकडे वळली. “आणि उद्यापासून जेवण अंगणात. हे टेबल मला लागतं.”